गरब्याच्या रात्री तुकतुकी आणि लायनर टिकवायचंय? या चुका टाळा

बडोद्यात मेकअपची खरी परीक्षा नवरात्रात रात्री नऊनंतर सुरू होते. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, हवा दमट असते, मैदानावर पांढऱ्या दिव्यांचा झोत, अनवाणी पायांनी उडालेली बारीक धूळ आणि न थांबता फिरणारं रिंगण. घरच्या आरशात सुंदर दिसलेला चेहरा तासाभरात नाकाशेजारी फुटतो, कपाळ तेलकट चमकू लागतं आणि लायनरचा काळा ठसा वरच्या पापणीवर उमटतो. रावपुरा, दांडिया बाजार भागातून माझ्याकडे तयार व्हायला येणाऱ्या मुलींची तक्रार तेव्हा एकच असते, "ताई, एवढं महागाचं घेतलं, तरी टिकलं नाही."

बहुतेक वेळा दोष त्या बाटलीचा नसतोच. दोन थरांच्या मध्ये थांबायला दिलेला वेळ कमी पडतो आणि तेल नको तिथे पोचतं. चेहऱ्याची तुकतुकी असो की डोळ्याची रेघ, बिघाड याच दोन कारणांनी होतो. गौरीच्या हळदीकुंकवाला करतो तोच मेकअप गरब्याला करून चालत नाही, तोही याचसाठी. तिथे पंख्याखाली बसायचं असतं, इथे घाम गाळायचा असतो.

तयारीची घाई

ब्लीच, फेशियल आणि वॅक्सिंग त्याच दिवशी उरकणं ही पहिली चूक. ताज्या वॅक्सिंगनंतर वा ब्लीचनंतर त्वचा लाल आणि नाजूक झालेली असते, त्यावर फाउंडेशन चुरचुरतं आणि डाग डाग दिसतं. ब्लीच-फेशियल दोन-तीन दिवस आधी करा, थ्रेडिंग निदान आदल्या दिवशी. नवीन क्रीम असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा, मगच चेहऱ्याला लावा.

"माझी स्किन तेलकट आहे, म्हणून मॉइश्चरायझर लावत नाही," असं अनेकजणी सांगतात. तेलकट त्वचासुद्धा आतून कोरडी पडलेली असू शकते. मग फाउंडेशन कोरड्या जागी चिकटून बसतं आणि नाकाजवळ सुटतं. जेल प्रकारचं हलकं मॉइश्चरायझर पातळ लावा आणि पाच-दहा मिनिटं काहीच करू नका. दागिने घाला, केस विंचरा. मग टिश्यू चेहऱ्यावर दाबून वर राहिलेला ओशटपणा टिपून घ्या. ही पायरी फार थोड्याजणी पाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक हिचाच पडतो.

पुढची चूक दिसत नाही म्हणून जास्त त्रास देते. फाउंडेशनच्या आधी लावायचा प्रायमर सिलिकोनचा आणि फाउंडेशन पाण्याचं, असं झालं की दोन्ही एकमेकांना धरत नाहीत आणि बोटाखाली बारीक वळ्या सुटतात. मागच्या लेबलवर सुरुवातीच्या घटकांत डायमेथिकोन किंवा सिलोक्सेनने संपणारं नाव असेल, तर ते सिलिकोनचं समजा. लेबल वाचायचा कंटाळा असेल तर दोन्हींचा एकेक थेंब मनगटावर मिसळून बघा. नासलेल्या दुधासारखं फुटलं, तर ती जोडी चेहऱ्यावरही फुटणार. प्रायमर सगळीकडे थापायची गरज नाही. नाकाच्या बाजूला आणि गालावर जिथे रंध्रं मोठी दिसतात तेवढ्यापुरता पुरतो.

मंगळबाजारात दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हाताच्या पाठीवर शेड बघून घेऊ नका. जबड्याच्या कडेला थोडं लावा, बाहेर उजेडात या आणि दहा मिनिटं थांबा. बरीचशी फाउंडेशनं हवेशी संपर्क आल्यावर एखादी छटा गडद होतात. उजळ दिसायला दोन शेड फिकं घेतलं की गव्हाळ चेहरा राखाडी दिसतो. आपल्या रंगाला आपल्याच रंगाचं फाउंडेशन शोभतं, ही गोष्ट मी प्रत्येक मुलीला आग्रहाने सांगते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायलाही फिका कन्सीलर नको. आधी पीच किंवा नारिंगी करेक्टर अगदी पातळ, मग कन्सीलर. वस्तू स्वस्त असो वा महाग, पाकिटावर बॅच नंबर, वापराची मुदत आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर ती तिथेच ठेवा.

स्पंज ओला करून टॉवेलमध्ये घट्ट पिळा, पाणी गळता कामा नये. चेहऱ्याच्या मध्यभागी थोडं फाउंडेशन घेऊन कडेकडे विरवत न्या, आणि घासू नका, थोपटा.

चमक आणि तेलकटपणा यांची गल्लत

कपाळ, नाक, हनुवटी इथे घाम आणि तेल आपोआप येणारच आहे. तिथे हायलायटर लावणं म्हणजे तेलाला आमंत्रण दिल्यासारखं दिसतं. तिथे पावडर दाबा आणि गालाच्या हाडाचा वरचा भाग पावडरविना मोकळा सोडा. हायलायटर तेवढ्यावरच. पिंपल किंवा मोठ्या रंध्रांवर चमक गेली की तेच उठून दिसतं. आपल्या त्वचेला सोनेरी, शॅम्पेन छटा शोभतात. चंदेरी पांढरी राखेसारखी दिसते.

क्रम महत्त्वाचा: क्रीम आणि लिक्विड गोष्टी आधी, पावडर नंतर. पावडरवर क्रीम ब्लश लावलात की खालचा थर सरकतो आणि ठिगळं पडतात.

फोटोत चेहरा पांढराफटक येतो तो सिलिका जास्त असलेल्या पांढऱ्या पावडरमुळे, किंवा झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनमुळे. फ्लॅशचा प्रकाश त्यावरून परत येतो. रात्री सनस्क्रीनची गरज नाही. निघण्यापूर्वी घरात फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा.

घाम आला की पर्समधून कॉम्पॅक्ट काढून वरून थोपटायचं, हे नवलखी मैदानावरच्या गरब्यात हमखास दिसतं. ओल्या चेहऱ्यावर पावडरचे गोळे होतात. आधी टिश्यू दाबून घाम टिपा, पुसू नका. मग गरज असेल तिथेच किंचित पावडर. क्राफ्टच्या दुकानातली चमकी चेहऱ्यावर कधीच नको. तिचे कण टोकदार असतात, डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो.

लायनर: रेघ वाकडी का जाते, पसरते का

लायनर पसरतं ते पापणीवरच्या तेलामुळे. वरच्या पापणीवर मॉइश्चरायझर नको. कन्सीलरचा अगदी पातळ हात, त्यावर पावडर, मग लायनर. काढून झाल्यावर अर्धा मिनिट खाली बघत राहा. ओलं असताना वर बघितलंत की ठसा उमटलाच.

रेघ वाकडी जाते ती बहुधा डोळ्याचा कोपरा बोटाने ताणल्यामुळे. हात सोडला की कातडी जागेवर येते आणि रेघेला सुरकुती पडते. आरसा छातीपाशी धरा, हनुवटी किंचित वर ठेवून खाली बघा, कोपर टेबलावर टेकवा. एका दमात लांब रेघ ओढू नका. पापणीच्या केसांच्या मुळाशी छोटे छोटे ठिपके द्या आणि मग ते सांधा.

विंगचा, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर काढलेल्या टोकदार रेघेचा, कोन ठरवताना मात्र डोळे उघडे हवेत आणि नजर समोर. खालच्या पापणीची कड जिथे संपते तिथून भुवईच्या शेवटच्या टोकाकडे नजरेनेच रेघ लांबवा. तोच तुमच्या विंगचा रस्ता. डोळे मिटून विंग काढली की ज्यांच्या पापणीवर घडी पडते त्यांची ती घडीत लपते. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याला हात घालू नका. आधी दोन्ही डोळ्यांची विंग काढा, समोरून बघा, मग आत जोडत या. कोणाचेच दोन्ही डोळे तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे रेघही अगदी सारखी येणार नाही. समोरून उंची जुळली की पुरे.

चुकलं तर? इथेच मुली घाबरतात आणि ओलं लायनर पुसतात, मग काळं गालापर्यंत जातं. त्याला वाळू द्या. इअरबडला मायसेलर वॉटर (मेकअप उतरवायचं पाणी) लावून चुकीचा भाग बाहेरच्या दिशेने हलका फिरवत उचला आणि कडेला कन्सीलरचा बारीक हात द्या. एक डोळा जाड झाला म्हणून दुसरा जाड, मग पुन्हा पहिला, असं करत गेलात तर डोळा लहान दिसायला लागतो.

शिमरच्या आयशॅडोवर पेन लायनर ओढलं की टोक बुजतं. टोक टिश्यूवर पुसत राहा आणि पेन टोक खाली ठेवून उभं ठेवा.

काजळाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. डोळ्याच्या आतल्या कडेवर अश्रूंमधलं स्निग्ध द्रव्य सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात. तिथे रोज जाड काजळ भरलं की ती बुजू शकतात आणि डोळे चुरचुरतात. गरब्याच्या धुळीत हा त्रास वाढतो. आतली कड मोकळी ठेवा आणि बाहेरच्या एक तृतीयांश भागात पेन्सिल फिरवून त्यावर तपकिरी आयशॅडो दाबा. पारंपरिक सुरम्यात शिसं सापडतं, तो मोठ्यांनाही नको आणि लहान मुलांना तर मुळीच नको.

मागच्या नवरात्रातलं लिक्विड लायनर यंदा वापरू नका. उघडल्यावर लिक्विड लायनर आणि मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा. पाकिटावर उघड्या डबीचं चिन्ह आणि महिन्यांचा आकडा असतो, तो बघा. एकच लायनर पाच मैत्रिणींत फिरवलं तर एकीचे आलेले डोळे सगळ्यांचे होतात. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढा.

टिकलीखाली खाज आली किंवा रंग फिका वाटला तर ती टिकली लगेच बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन कायमचा पांढरा डाग पाडू शकतं.

रात्री परतल्यावर

वॉटरप्रूफ लायनर खसाखसा घासून काढू नका. दोन थरांचा रिमूव्हर हलवून कापसावर घ्या, मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद धरून ठेवा आणि मग खालच्या दिशेने उतरवा. खोबरेल तेलानेही निघतं, पण त्यानंतर पापणी सौम्य फेसवॉशने धुवाच. नाहीतर पापणीच्या केसांच्या मुळाशी राहिलेलं तेच तेल दुसऱ्या रात्री लायनर पसरवतं.