जॉर्जियाचे आकडे बघताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या आसपास घर घ्यायला निघालेली मराठी मंडळी हल्ली लोकसंख्या, उत्पन्न, घरांच्या किमती स्वतः शोधून काढतात. हे चांगलंच आहे. पण चुका वर्षानुवर्षं त्याच होताहेत, आणि त्यातली एक फार महागात पडते.

ती म्हणजे गाव आणि काउंटी यांची गल्लत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आणि जॉर्जियात अशा १५९ काउंट्या आहेत. मेकन शहर बिब काउंटीत आहे, मेकन काउंटी वेगळीच. डिकेटर शहर अटलांटाला लागून डिकॅब काउंटीत, तर डिकेटर काउंटी पार फ्लोरिडाच्या सीमेवर. जेफरसन गाव जॅक्सन काउंटीत आणि जॅक्सन गाव बट्स काउंटीत!

ओळखीतलं एक जोडपं फोर्साइथ काउंटीतल्या कमिंग गावाजवळ घर बघत होतं. त्यांच्या एक्सेल शीटप्रमाणे ‘फोर्साइथ’मधली घरं बरीच स्वस्त होती, म्हणून बिल्डर लुबाडतोय असं त्यांनी ठरवूनच टाकलं. भाव पाडून मागितला, अडून बसले, आणि आवडलेलं घर दुसऱ्याने घेतलं. नंतर ती शीट मी पाहिली. आकडे फोर्साइथ गावाचे होते. हे गाव अटलांटाच्या दक्षिणेला, मेकनच्या वाटेवर, मन्रो काउंटीत आहे; वस्ती पाच हजारांच्या आत. त्यांना हवी होती ती फोर्साइथ काउंटी अटलांटाच्या उत्तरेला. २०२०च्या जनगणनेत तिथे २,५१,२८३ माणसं होती, आणि उत्पन्नात ती राज्यातल्या अगदी वरच्या काउंट्यांमध्ये मोडते. नकाशा एकदा उघडला असता तर घर हातचं गेलं नसतं. सर्चमध्ये पहिलं आलेलं नाव उचलायची ही घाई मला मुळीच पटत नाही.

मी नावावर विसंबतच नाही, कोड बघते, म्हणजे सरकारी आकडेवारीत प्रत्येक राज्याला आणि काउंटीला दिलेला क्रमांक. जॉर्जिया १३, फोर्साइथ काउंटी १३११७. याच नावाची काउंटी नॉर्थ कॅरोलायनातही आहे, तिचा कोड ३७०६७. शीटमध्ये कोडचा रकाना आधी टाका आणि तो टेक्स्ट म्हणून ठेवा, नाहीतर शेजारच्या अलाबामाच्या ०१ मधलं शून्य एक्सेल खाऊन टाकतं.

दुसरा घोळ वर्षांचा. २०२०च्या जनगणनेत उत्पन्न विचारलेलंच नाही; ते अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून, म्हणजे जनगणना खात्याच्या दरवर्षीच्या नमुना पाहणीतून येतं. त्यात एका वर्षाचे आकडे फक्त ६५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या भागांसाठी निघतात, बाकीच्यांसाठी पाच वर्षांचे एकत्र. लोक २०१८–२०२२चा आकडा ‘२०२२चा’ म्हणून सांगतात, वर त्याची तुलना २०१७–२०२१शी करून ‘एका वर्षात इतकी वाढ’ म्हणतात. अहो, चार वर्षं दोन्हीकडे तीच आहेत! तुलना करायचीच तर २०१३–२०१७शी करा, आणि महागाई धरून दोन्ही आकडे एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आहेत ना ते बघा. शेजारी छापलेला मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती वरखाली असू शकतो ते, तर कोणी वाचतच नाही. टॅलिअफेरो काउंटीत २०२० साली जेमतेम १,५५९ लोक होते. इतक्या लहान जागी नमुना लहान, त्यामुळे आकडा बराच वरखाली होऊ शकतो. फरकापेक्षा मार्जिन मोठा असेल तर तो फरक मी लिहीत नाही.

उत्पन्नासाठी सरासरी नको, मिडियन घ्या, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा. अटलांटातल्या बकहेड भागातली मूठभर श्रीमंत घरं सरासरी वर ओढतात. कुटुंबाचं उत्पन्न आणि दरडोई उत्पन्न एका रकान्यात घालू नका.

पत्त्यात अटलांटा लिहिलंय म्हणून घर अटलांटा शहरात असेलच असं नाही. २०२० साली शहराची वस्ती पाच लाखांच्या आत होती, महानगर क्षेत्राची साठ लाखांवर.

सर्व्हेतली घराची किंमत मालकाने स्वतः अंदाजाने सांगितलेली असते, आणि मोबाइल होम्सही त्यात धरलेली असतात. बिल्डरशी बोलताना हा आकडा पुढे करू नका. त्यासाठी जवळपासच्या घरांचे झालेले व्यवहार काढा. सर्व्हेतल्या ‘ग्रॉस रेंट’मध्येही (एकूण भाडं) वीज, पाणी, गॅस धरलेलं असतं, त्यामुळे जाहिरातीतल्या भाड्याशी तो थेट ताडून बघू नका.