मामा तलावावर पिल्लं पाहायची असतील तर

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांवर, पिल्लं घेऊन पोहणारे राजहंस (स्वान) मिळायचे नाहीत, पण पाण्यावर पिल्लं घेऊन फिरणारे पक्षी भरपूर आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरात सकाळी लवकर पाळीवर (तलावाच्या बांधावर) जा. सूर्य पाठीमागे राहील अशी जागा धरा, नाहीतर समोर नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांना आधी विचारा. कोणत्या कोपऱ्यात घरटं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

हळदीकुंकू बदक ओळखायला सोपं: काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लालसर ठिपका. पिल्लं आईमागे रांगेने पोहतात. माझं मन मात्र टिबुकली या बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यावर. तिचं घरटं म्हणजे पाणवनस्पतींचा तरंगता ढीग. उठून जाताना ती अंड्यांवर ओलं शेवाळ-पानं ओढून घेते, म्हणून लांबून तो कचराच वाटतो. पिल्लांच्या डोक्यावर-मानेवर काळे-पांढरे पट्टे असतात आणि ती आई-बापाच्या पाठीवर बसून फिरतात. पंखातून एवढंसं डोकं बाहेर आलेलं बघायला दुर्बीण हवीच. ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरेशी आहे.

कमळपानांवर चालणाऱ्या कमळपक्ष्याकडेही लक्ष द्या. तिथे पिल्लं सांभाळतो तो नर.

घरट्याजवळ डोंगा नेऊ नका, कुत्रं सोबत आणू नका. पक्षी सारखा ओरडायला लागला तर लगेच मागे सरा, कारण तो उठला की कावळे अंडी उचलतात. पोळी-मुरमुरे टाकू नका. मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं तर अजिबात नको.