ल्युमिनॉल चमकत नव्हतं, ते असं जमलं

फोंड्याला भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिने ल्युमिनॉल या चमकणाऱ्या रसायनाचा प्रयोग घेतलेला. एका बाटलीत ल्युमिनॉल, धुण्याचा सोडा नि चिमूटभर मोरचूद, दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड, अंधारात एकत्र ओतलं की निळा उजेड. मामा म्हणून मदतीला मी. तीनदा ओतलं, काहीच नाही, पोर रडकुंडीला आली.

आधी वाटलं ल्युमिनॉलच खराब. मग पेरॉक्साइडमध्ये बटाट्याची फोड टाकून बघितली, कारण बटाट्यातल्या कॅटलेज नावाच्या एन्झाइमने ताजं पेरॉक्साइड लगेच फसफसतं, इथे एक बुडबुडा नाही! मीच ते पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवलेलं, ऊन नि उकाड्याने त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन गेलेलं. फार्मसीतून नवी बाटली आणली, ३ टक्क्यांपर्यंत पातळ केली, खिडकीला चादर लावली आणि ओतलं, काय सुंदर निळं चमकलं! तो उजेड साधारण ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि उष्णता जवळजवळ नाहीच, भाचीने भांड्याला हात लावून खात्री केली.

एक सांगतो, द्रावण कोमट असेल तर जास्त चमकतं पण लवकर विझतं, म्हणून प्रदर्शनात आम्ही थंड वापरलं. चष्मा नि हातमोजे घालाच.