पाइक आपल्याकडे नाही, पण मरळ आहे ना! ठाण्याच्या आसपास फ्रॉगवर (रबरी बेडकाच्या आमिषावर) मरळ कशी पकडायची

यूट्यूबवर पाइकचे व्हिडिओ बघून खूप जण विचारतात की हा मासा इकडे कुठे मिळेल. नाही मिळणार. पाइक युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड पाण्याचा, आपल्या उन्हाळ्यातल्या कोमट तळ्यात तो टिकणारच नाही. त्याचा जागतिक रेकॉर्ड १९८६ चा आहे, जर्मनीतल्या एका तलावातला, जवळजवळ २५ किलोचा. पण लोक त्याच्यासाठी वेडे होतात ते फक्त वजनामुळे नाही. तो गवतात काठीसारखा निश्चल उभा राहतो, पाठीवरचा पर अगदी शेपटीजवळ असल्यामुळे एका झटक्यात सुटतो, आणि इतका वेळ शांत असलेलं पाणी अचानक फुटतं. हाच थरार आपल्याकडे मरळ देते, आणि तोसुद्धा पाण्याच्या वर, डोळ्यासमोर.

सगळ्यात आधी जागा. काळू, भातसा, उल्हास या नद्यांचे संथ डोह, शहापूर-मुरबाडकडची गावतळी, पनवेलकडचे ओढे, म्हणजे टिटवाळा, आसनगाव, बदलापूर, पनवेल यापैकी कुठेही लोकलने उतरून पुढे रिक्षा केली की झालं, म्हणून दोन तुकड्यांचा रॉड घ्या, गर्दीत सांभाळता येतो. ठाण्यातल्या शहरी तलावांवर आणि धरणांवर मात्र विचारल्याशिवाय गळ टाकू नका. बऱ्याच ठिकाणी मासेमारीचा ठेका दिलेला असतो किंवा मच्छीमार सोसायटीने मत्स्यबीज सोडलेलं असतं, त्यावर कुणाचं तरी घर चालतं. गावतळ्यावर गावातल्या एखाद्या काकांना आधी विचारलं तर नुसती परवानगीच नाही तर मरळ कुठल्या कोपऱ्यात बसते तेही कळतं. नवी मुंबईतल्या बंद खदानी टाळाच, तिथे काठ सरळ खोल तुटलेला असतो, पाय घसरला तर धरायला काही नसतं.

सामान फार लागत नाही. साडेसहा-सात फुटांचा मीडियम हेवी रॉड, २५०० किंवा ३००० साइजचं रील, ३०-४० पाउंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली लाईन) आणि दोन-तीन पोकळ रबरी फ्रॉग. या फ्रॉगचे दोन्ही हूक पाठीला चिकटून वरच्या बाजूला असतात, त्यामुळे तो जलपर्णीवरून, कमळाच्या पानांवरून न अडकता सरकतो. पाइकसाठी तिकडे स्टीलची वायर लावतात कारण त्याचे दात लाईन कापतात, मरळीलाही दात आहेत पण चांगली ब्रेड पुरते. हूकच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका आणि ती पक्कड खिशातच राहू द्या.

आता पाणी वाचायचं, आणि खरी मजा इथेच आहे. मरळीला कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती थोड्या थोड्या वेळाने वर येते. काठावर बसून नुसतं बघत राहा, घाई करू नका. लव्हाळ्याच्या कडेला 'गप' असा बारीक आवाज येतो, एक गोल तरंग उठतो, त्यात एक-दोन बुडबुडे, आणि मग जवळचं एखादं पान हलतं. ते पान ज्या बाजूला हललं त्या बाजूला ती गेली. फ्रॉग थेट तरंगावर नाही टाकायचा, चार-पाच फूट पलीकडे टाकायचा आणि हळूहळू आणायचा, रॉडच्या टोकाने दोन टिचक्या, मग थांबा. बरेचदा ती त्या थांबण्यावरच येते.

आणि आली की हात आवरा! पाणी उडालं की लगेच झटका मारायचा मोह होतो आणि फ्रॉग रिकामा हवेत येतो. रॉडचं टोक खाली करा, ढिली लाईन गोळा करा, वजन जाणवलं की मग जोरात ओढा आणि तिचं डोकं वरच ठेवून गवतावरूनच खेचून आणा, खाली शिरली तर गवतात लाईनची गुंडाळी करून ठेवते. चुकली तर तिथेच परत टाका, पुन्हा येते.

सीझनचं म्हणाल तर पावसानंतर पाणी निवळलं की दिवाळीच्या आसपास, आणि मग फेब्रुवारी ते मे, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पावसाळ्यात मात्र कृपा करून थांबा. वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात तेव्हा, ती शेतात जाते ती अंडी घालायला. पाइक अंडी गवतात सोडून निघून जातो, मरळ तसं करत नाही, पिल्लांवर पहारा देते. पाण्यावर रिमझिम पाऊस पडल्यासारखी खळबळ दिसली आणि त्यात केशरी-लाल पिल्लांचा घोळका असला तर खाली आईबाप आहेतच. तिथे फ्रॉग टाकला तर हल्ला शंभर टक्के होणार, कारण ती भुकेने नाही, पोरांसाठी येते. ती काढलीत की उरलेली पिल्लं बाकीचे मासे खाऊन टाकतात, मग पुढच्या वर्षी त्या तळ्यात काय शोधणार? शिवाय त्या दिवसांत पायाला जखम असताना चिखलात उतरलं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती आहेच.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, तापलेल्या दगडावर ठेवू नका, अंगावरचा बुळबुळीत थर गेला की त्याला रोग लागतो. घरी न्यायची असेल तर एक न्या, कालवणाला पुष्कळ होते, छोटी आणि अंड्यांनी फुगलेली सोडून द्या. सोडताना उथळ पाण्यात पोटाखाली हात धरा, ती स्वतःहून निघते. मग फ्रॉगच्या पोटात शिरलेलं पाणी पिळून काढा, ब्रेडचा शेवटचा हातभर भाग बोटांनी चाचपा, खरखरीत लागला तर कापून गाठ नवीन मारा, आणि कापलेला तुकडा तिथे न टाकता खिशात ठेवा, बगळ्यांच्या पायात अडकतो.