बीएडला आलेल्या मागासवर्गीय पोरापोरींना साथ द्यायची तर काय काय करायचं

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांना ठेवल्या, आणि पुढं १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं, म्हणजे नुसती जागा देऊन भागत नाही, राहायची-खायची सोय पण लागते हे कोल्हापूरला तेव्हाच कळलेलं. आता बीएड कॉलेजात शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय करायचं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे भर वर्गात "स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा" हे बंद करा राव. महाडीबीटीची, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलची, नोटीस सगळ्यांच्या ग्रुपवर टाका, ज्याचं त्याला कळतंय. कुणाचा फॉर्म अडकला असेल तर त्याला एकट्याला गाठून विचारा. स्कॉलरशिप उशिराच येते हे धरूनच चाला, तोवर फीसाठी पोराला क्लार्कच्या खिडकीसमोर ताटकळत ठेवू नका, प्राचार्यांशी आपणच बोला. शासकीय हॉस्टेलला नंबर लागला नसेल तर राहण्या-जेवणाच्या पैशासाठी एससीच्या पोरांना स्वाधार, एसटीला स्वयम योजना आहे, पण अर्जाची मुदत कुणी सांगतच नाही, ती तुम्ही सांगा.

जात वैधतेचं (व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला समितीकडनं तपासून घेणं) काम तर ॲडमिशनच्या आधीपासून लागतं. भटक्या विमुक्तांकडं २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, आता ज्याचा आजा पालं टाकत गावोगाव फिरला त्याच्याकडं शाळेचा दाखला कुठनं येणार? अशा वेळी वडिलांकडच्या चुलत्याला, चुलतभावाला कुणाला व्हॅलिडिटी मिळालीय का ते आधी शोधायला लावा, तिथंच निम्मं काम होतंय.

पण खरा घोळ लेसनमध्ये आहे. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठात, पोरगं प्रश्न कौशल्य दाखवतंय आणि आपण शेरा लिहितो "भाषा ग्रामीण आहे". अहो कौशल्य कुठलं तपासताय? प्रश्न नीट विचारला का, पोरांना विचार करायला वेळ दिला का, उत्तर चुकल्यावर पुढं काय केलं, ते लिहा की. शाहूवाडीच्या धनगरवाड्यावरची पोरगी "व्हय, आलं का ध्यानात?" म्हणाली म्हणून पाचवीच्या पोरांचं काही बिघडत नाही, उलट ती पटकन बोलती होतात हे मी मागच्या बाकावर बसून बघितलंय. प्रमाण मराठी शिकवायचीच, फळ्यावर शुद्धलेखन पक्कं पाहिजेच, पण ते वेगळं बसून सांगा, वर्गासमोर उच्चार दुरुस्त करू नका. शेरा देताना आधी काय जमलं ते, मग पुढच्या लेसनला बदलायची एकच गोष्ट. दहा चुका एकदम सांगितल्या की ते पोरगं पुढच्या लेसनला गळपटलंच म्हणून समजा.

इंटर्नशिपची शाळा देताना गावाची एसटी बघा, दुसऱ्या वर्षाला १६ आठवडे असतात, गगनबावड्याकडनं येणाऱ्याला शहरातली सकाळची शिफ्ट दिली तर ते पोहोचणार कधी. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा की ह्यांना स्टाफरूममध्ये खुर्ची द्या, आणि नुसते ऑफ तास न देता एक धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्या. आडनाव विचारून झालं की "तुम्ही कुठल्या आळीचे" सुरू होतं काही ठिकाणी, हसत हसतच असतं ते. पोरगं सांगायला आलं तर "मनावर घेऊ नको" म्हणून वाटेला लावू नका. तारीख, कोण काय बोललं ते लिहून घ्या, त्याची इच्छा असेल तर कॉलेजातल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या समान संधी कक्षाकडं द्या, आणि शाळा बदलायची झाली तर त्याचे मार्क कापले जाणार नाहीत हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर कोण तोंड उघडेल?

आणखी एक, आंबेडकर जयंतीचं भाषण दरवर्षी त्याच पोरांवर ढकलू नका. त्यांना गणिताचं प्रदर्शन द्या, सहलीचा हिशोब द्या, परिपाठाचं नियोजन द्या.

शेवटच्या सेमला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेटचा (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) ग्रुप करा, क्लासची फी सगळ्यांना झेपत नाही. मागच्या बॅचचं कोण पवित्र या शिक्षक भरतीच्या पोर्टलमधनं लागलं असेल त्याला रविवारी बोलवा, चहा आपला. अर्ज करताना प्रवर्ग आणि नॉन क्रीमीलेयरची तारीख चुकतेच कुणाची तरी, तेवढं त्याच्यासमोर बसवून भरून घ्या.