मुलाला सरांच्या हाती सोपवण्याआधी

सांगलीहून मुंबईत येऊन मला २७ वर्षे झाली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक वर्षांच्या रविवारच्या सकाळी आझाद मैदानाच्या कडेला उभे राहण्यात गेल्या. क्रिकेटसाठी मुलाला घेऊन गावाकडून आलेली कुटुंबे भेटतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: कोणते सर चांगले, फी किती, हॅरिस शील्ड ही शालेय स्पर्धा खेळणाऱ्या शाळेत प्रवेश मिळेल का. मैदानावर मूल कोणाच्या नजरेखाली असेल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण या शहरातल्या क्रिकेटच्या गोष्टीच विश्वासाच्या आहेत. आचरेकर सर सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्याला नेत. यशस्वी जयस्वाल कोवळ्या वयात आझाद मैदानावरच्या तंबूत माळ्यांसोबत राहिला आणि पुढे भारताकडून खेळला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या ऐकून आपलेही पोर कोणाच्या तरी स्कूटरवर बसावे असे वाटू लागते. पण तंबूत राहणे ही त्या मुलाची अडचण होती, ती क्रिकेट शिकवण्याची पद्धत नव्हती. मुलाला मुंबईत आपल्याविना ठेवावेच लागत असेल, तर सचिनच्याच गोष्टीतला दुसरा भाग उचलावा: तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहत असे. सरांच्या घरी, क्लबच्या तंबूत किंवा ‘मोठ्या मुलांच्या खोलीवर’ केलेली सोय फुकट असली तरी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा मुलगा बारा वर्षांचा असताना एकदा नेटच्या सरावाला दहा मिनिटे उशिरा पोहोचला. मे महिना होता. शिक्षा म्हणून त्याला पॅड बांधून मैदानाला फेऱ्या मारायला लावले होते, हे मला तीन दिवसांनी कळले, तेही त्याच्या आईने मोजे धुवायला घेतले आणि टाचेपाशी चिकटलेले रक्त पाहिले म्हणून. विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर म्हणाले, घरी सांगू नकोस.” फोडांपेक्षा मला ते वाक्य जास्त लागले. जी गोष्ट घरी सांगण्यासारखी नाही, ती मैदानावर घडायलाच नको होती. आणि पुढे कधी याहून वाईट काही घडले असते, तर गप्प बसण्याचा सराव त्याला आधीच झालेला होता. आम्ही तो क्लब सोडला. तक्रार केली नाही, ही माझी चूक.

म्हणून नाव नोंदवण्याआधी एक पूर्ण सकाळ तिथे उभे राहावे. कपडे बदलायला मुलांना वेगळी जागा आहे का, की तंबूत दोरीवर टाकलेल्या एका चादरीआड मोठे आणि छोटे एकत्रच बदलतात, हे पाहावे. मुली खेळत असतील तर त्यांच्यासोबत एखादी जबाबदार स्त्री असते का, हे विचारावे. बाहेरगावच्या सामन्यांना मुले कोणाच्या खोलीत झोपतात, दुखापत झाल्यावर मालिश कोण आणि कुठे करतो, सरांचे निरोप पालकांच्या गटावर येतात की रात्री मुलाच्या मोबाइलवर, हेही विचारावे. असे प्रश्न विचारल्याबद्दल ज्या सरांना राग येतो, त्यांचे उत्तर तिथेच मिळाले असे समजावे. चांगल्या प्रशिक्षकाला यात अपमान वाटत नाही, कारण चारचौघांच्या नजरेत राहणे त्याच्याही हिताचे असते.

प्रवासाचे म्हणाल, तर विरार किंवा कल्याणहून किट घेऊन लोकलने येणाऱ्या मुलांची त्याच मार्गावरच्या तीन-चार जणांची टोळी जमवून द्यावी. एकट्या मुलाला सरांच्या गाडीतून पाठवणे टाळावे, सर कितीही देवमाणूस असले तरी.

कायद्याची माहिती नव्याने आलेल्यांना फारशी नसते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण, मुलगा असो वा मुलगी, बालकच आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामुळे ‘क्लबचे नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असे म्हणणारा पदाधिकारी स्वतःच अडचणीत येतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. आपण परगावचे, भाड्याच्या खोलीत राहणारे, आपले कोण ऐकेल, ही धास्ती मनातून काढावी. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी मोफत असून अहोरात्र चालते. १९९६ साली तिची सुरुवात याच शहरात झाली.

मैदानावर काही प्रौढ माणसेही अशी असतात, ज्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. आमच्या ओळखीच्या एका क्लबात तिशीतला, मतिमंदत्व असलेला एक जण चेंडू आणून देई आणि पाणी पाजी. त्याचे पैसे ‘सांभाळायला’ भलताच कोणी घेई, आणि त्याची नक्कल करणे हा जेवणाच्या सुट्टीतला विनोद होता. त्याच्या भावाने दर शनिवारी त्याच्यासमोरच हिशेब विचारायला सुरुवात केली आणि दोन्ही गोष्टी थांबल्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अशा छळाची आणि पिळवणुकीची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे करण्याची मुभा देतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये खुळखुळणाऱ्या चेंडूच्या आवाजावर खेळणारा फलंदाज चेंडू टोलवताना कोणावर अवलंबून नसतो. तंबूपासून स्टेशनपर्यंतच्या गर्दीत मात्र त्याला सोबत लागू शकते. त्याचा हात परस्पर धरू नये. आधी विचारावे, आणि त्याने सांगितल्यास आपला कोपर त्याच्यापुढे करावा.