पंखा नसलेला छोटा लॅपटॉप बदलून नवा हलका घेताय? या चुका टाळा

अकरा इंची, पंखा नसलेले, सेलेरॉन नाहीतर पेंटियम सिल्व्हर प्रोसेसरवाले लॅपटॉप आता एकेक करून थकले आहेत. ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरची साठवणुकीची चिप), त्यात विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जो तो सव्वा किलोच्या नव्या मशीनच्या मागे आहे. घ्यावंच. पण लोक घोळ घालतात ते दोनच वेळा: पैसे मोजण्याच्या आधी घाईत, आणि नवा डबा उघडल्यावर पहिल्या संध्याकाळी. पुढचे बहुतेक घोळ त्या दोन वेळांचे आहेत.

नवा आला की जुना पुसायचा

सगळ्यात महाग चूक ही, आणि सगळ्यात जास्त दिसणारीही हीच.

सरकी-ढेपेच्या एका दुकानातला प्रकार. नवा लॅपटॉप दुपारी आला. मुनीमजींनी जुन्यातलं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घेतलं. डेस्कटॉपवर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं आयकॉन होतं, तेही कॉपी झालं, म्हणजे टॅली आली असा समज. रात्री जुना लॅपटॉप भाच्याकडे गेला. "काही नही होत भो" म्हणत भाच्याने सगळं काढून टाकणारा रीसेट मारला. सकाळी नव्या मशीनवर आयकॉन दाबलं, तर शॉर्टकटला काही सापडेना. आयकॉन म्हणजे दारावरची पाटी. घर दुसरीकडे होतं. टॅलीप्राइमचा डेटा बहुधा सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेवर असतो. डेस्कटॉप-डॉक्युमेंट्स कॉपी करणाऱ्याच्या तो वाटेतही येत नाही.

मग रिकव्हरीवाल्याकडे धाव. पण ही जुन्या फिरत्या हार्डडिस्कची गोष्ट नव्हे. ईएमएमसीवर फाइल काढली की विंडोज त्या जागा मोकळ्या झाल्याचं चिपला कळवतं आणि चिपचा कंट्रोलर त्या स्वतःच साफ करतो. शिवाय चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते, काढून दुसऱ्या मशीनला लावून बघायची सोय नाही. दिवाळीत घेतलेला बॅकअप एका पेनड्राइव्हवर निघाला म्हणून निभावलं. त्यानंतरची सगळी बिलं कागदांवरून पुन्हा भरावी लागली, आणि २० तारखेचं जीएसटीचं थ्री-बी रिटर्न तोंडावर.

क्रम असा ठेवा. जुन्या मशीनवर टॅलीत कंपनी उघडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो, तो कागदावर लिहून घ्या. ऑल्ट-वाय दाबून बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, आणि तो अख्खा डेटा फोल्डरही वेगळा कॉपी करा. नव्या मशीनवर टॅली टाकून बॅकअप रिस्टोअर करा. मग एफ-१, सेटिंग्ज, लायसन्स या वाटेने जुन्यावरचं लायसन्स सरेंडर करा (नेट लागतं) आणि नव्यावर चालू करा. दोन्ही पडदे शेजारी ठेवून ट्रायल बॅलन्स आणि शेवटचा व्हाउचर नंबर जुळवा. सरेंडर न करता जुना हातचा गेला तर लायसन्स खटपटीने परत मिळतं. डेटा मिळत नाही.

एवढं झाल्यावरही जुनं मशीन पुसायचं नाही. कपाटात ठेवा आणि एक अख्खं रिटर्नचं चक्र जाऊ द्या. काय राहिलं ते तेव्हाच कळतं: ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल (मेलचा साठा), व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेली बिलं.

याच घाईत आणखी एक सापळा आहे. ६४ जीबीच्या मशीनवर जागा नसायची म्हणून बऱ्याच जणांनी वनड्राइव्ह चालू केलेलं असतं. फाइलच्या नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल मशीनवर नाहीच, फक्त नाव आहे. नेट बंद असताना कॉपी करायला गेलात तर एरर येते, आणि घाईतला माणूस तिथे 'स्किप' दाबून पुढे जातो. आधी फोल्डरवर राइट क्लिक करून फाइल्स कायम मशीनवर ठेवायचा पर्याय निवडा, सगळ्या हिरव्या खुणा येईपर्यंत थांबा, मग कॉपी करा. एकदम जागा पुरत नसेल तर फोल्डर तुकड्यातुकड्याने घ्या. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्ह घेत नसेल तर तो फॅट-३२ आहे. रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

पंखा असावा की नसावा, हे न ठरवताच घेणं

'जुना बिनआवाजाचा होता, नवाही तसाच द्या' किंवा 'पंखा असला म्हणजे थंड राहतो', दोन्ही अर्धवट. खानदेशात हा प्रश्न पुण्या-नाशिकपेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ला जातो, आणि थंडीत जिनिंगमधून (सरकी काढण्याच्या कारखान्यातून) कापसाचं तूस उडतं.

पंखा नसलेलं मशीन आपली उष्णता अंगावाटे हवेत सोडतं. त्यासाठी अंग आणि हवा यांच्या तापमानात फरक हवा. मशीन मांडीवर घेणाऱ्याला चटका बसू नये म्हणून कंपन्या अंग एका मर्यादेपलीकडे तापू देत नाहीत. खोलीत २५ अंश असताना हा फरक चांगला मोठा असतो, पत्र्याखालच्या दुकानात ४३ असताना जवळजवळ उरत नाही. मग प्रोसेसर स्वतःचा वेग खाली आणतो. अ‍ॅपलसुद्धा मॅकबुक एअरसाठी वापरायचं तापमान १० ते ३५ अंश देतं. आपल्याकडे एप्रिलपासून पावसापर्यंतच्या दुपारी बिनएसीच्या खोलीत ती मर्यादा सहज ओलांडते. दुकानदाराच्या एसीत पाच मिनिटं चालवून 'मस्त पळतो' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जुना नेमका कशामुळे रडतोय हे आधी तपासा, नाहीतर नव्यातही तेच दुखणं विकत घ्याल. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि भर दुपारी नेहमीचं काम करत बघा. सीपीयूचा वापर १०० टक्के आणि वेग मूळ आकड्याच्याही खाली (सेलेरॉन एन-४०२०चा मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ आहे) असेल, तर उष्णता. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० टक्के, तर रॅम कमी. पहाटे बरा चालतो आणि दुपारी रेंगाळतो, तर आकडे बघायचीही गरज नाही.

आता दुसरी बाजू. पंख्याचं मशीन खालून हवा ओढतं. चोपडा, अमळनेर, धरणगावकडच्या जिनिंगच्या आवारात, वजनकाट्याच्या खोलीत ते हवेबरोबर कापसाचं तूसही ओढतं. हे तूस धुळीसारखं आरपार जात नाही. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे साठून त्याचा नमदा होतो. एका हंगामात पंखा जोरात घोंगावायला लागतो, हवा मात्र बाहेर येत नाही. मग कुणीतरी पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने बाहेरून फुंकर मारतं. त्याने नमदा आणखी आत बसतो, पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं, आणि कंप्रेसरमधलं पाणी-तेल बोर्डावर उडतं ते वेगळंच. योग्य रीत अशी: मशीन बंद, खालचं झाकण उघडायचं (स्क्रू फिलिप्स किंवा टॉर्क्स टी-५ असतात), आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, पंखा काडीने अडवून धरायचा, आणि नमदा चिमट्याने उचलायचा. ब्रश नंतर. जिनिंगमध्ये बसणाऱ्यांनी हे हंगाम संपला की दरवर्षी करावं.

म्हणून आमचा सरळ हिशोब: जिनिंग, पिठाची गिरणी, डाळ मिल इथे बसून टॅली, ई-मेल, पोर्टल एवढंच काम असेल तर बिनपंख्याचंच नवं घ्या, पण खोली थंड ठेवा. घर, कॉलेज, ऑफिस, आणि व्हिडिओ किंवा मोठ्या एक्सेल शीट असतील तर पंखा हवाच. उन्हाळ्यात लॅपटॉप डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर ठेवणारे दोन्हीकडे सारखेच चुकतात. कूलरचे तुषार क्षार घेऊन येतात आणि कीबोर्डखाली पांढरे डाग सोडतात. कूलर खोलीत असू द्या, लॅपटॉप त्याच्या झोतात नको.

रॅम नंतर वाढवू

नाही वाढणार. हलक्या मशीनमध्ये रॅम बहुतेक बोर्डावर सोल्डर असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००-व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसते, १६ नाहीतर ३२ जीबी. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२४पासून एअरमध्ये ८ जीबी देणं बंद केलं, यावरून काय ते समजा. १६च घ्या, पैसे कमी पडत असतील तर एसएसडी लहान घ्या. बऱ्याच विंडोज मशीनमध्ये एम-डॉट-टू एसएसडी नंतर बदलता येते. लांबी २२४२ (४२ मिमी) की २२८० (८० मिमी) हे आधी विचारून ठेवा. मॅकबुक एअरमध्ये मात्र तीही बदलत नाही.

प्रोसेसरचं नाव न वाचणं

स्नॅपड्रॅगन एक्स या आर्म जातीच्या प्रोसेसरचे लॅपटॉप २०२४च्या जूनपासून आले. हलके, बॅटरी दांडगी. त्यांच्यावर साधे विंडोज प्रोग्राम अनुवादाच्या थराने चालतात, पण ड्रायव्हर (बाहेरची यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत. ते खास आर्मसाठीच बनलेले लागतात. तुमचा डिजिटल सहीचा टोकन, बोटाच्या ठशाचं यंत्र, दहा वर्षांचा लेझर प्रिंटर यांना तसा ड्रायव्हर नसेल तर सेवा केंद्र चालवणाऱ्याचं दुकान बंद पडतं. घेण्याआधी प्रत्येक यंत्राच्या कंपनीच्या साइटवर आर्म-६४ हा शब्द शोधा. दुकानदाराच्या 'सगळं चालतं'वर जाऊ नका. त्याने तुमचा टोकन लावून पाहिलेला नसतो.

मॅकवर जाणाऱ्यांसाठी एकच ओळ: टॅली मॅकवर थेट चालत नाही.

जुनाच चार्जर, फोनचीच वायर

जुन्या बिनपंख्याच्या टाइप-सी लॅपटॉपचा चार्जर बहुधा ३० ते ४५ वॅटचा असतो, नव्याला बहुधा ६५ वॅट लागतो. कमी वॅटचा लावला तर बिघडत काही नाही, पण काम करताना चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते आणि लोक 'बॅटरी खराब' म्हणून वॉरंटीला धावतात. फोनच्या चार्जरवरचा ८० वॅटचा आकडा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो, लॅपटॉपला त्यातले थोडेच मिळतात. वायरही बघा: साधी ३ अँपिअरची वायर ६० वॅटपर्यंतच नेते.

धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? लॅपटॉप बहुधा ठीक आहे, अर्थिंग नाही. तीन पिनी वायर आणि खरोखर जोडलेली अर्थिंग, दुसरा इलाज नाही.

मराठी फाइली उघडल्यावर चौकोन आणि जिलब्या

पतसंस्था, ग्रामपंचायत, छपाईवाले यांचा हा हमखास घोळ. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-सुरेख अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइली नव्या मशीनवर 'ßÖÖ' अशा दिसतात. फाइल बिघडलेली नाही, फॉन्ट आलेला नाही. जुन्या मशीनच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते कॉपी करा. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर मात्र लायसन्ससह नव्याने टाकावं लागतं. फाइल घाबरून 'दुरुस्त' करत बसू नका, सेव्ह केलीत तर खरंच बिघडेल.

मंगल फॉन्टमधली सरकारी पत्रं नव्या मशीनवर वेगळीच दिसत असतील, तर विंडोज ११मध्ये मंगल आपोआप नसतो. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाका. टाइप करायला मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात.

किरकोळ, पण रडवणाऱ्या

एस मोडमध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्राम चालतात असा मोड) आलेल्या विंडोजवर टॅली बसत नाही. स्टोअरमधून एस मोड फुकट निघतो, फक्त परत लावता येत नाही.

जुनी डिस्क क्लोन करून (जशीच्या तशी उतरवून) नव्यात टाकणं हा शॉर्टकट नव्हे, जुना कचरा ड्रायव्हरसकट पुढे नेणं आहे. मशीन कधी निळा पडदा दाखवून थांबतं आणि आठवडा त्यात जातो.

विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लागणारं कुलूप) बऱ्याचदा आपोआप चालू होतं. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट किंवा बोर्डाच्या दुरुस्तीनंतर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. खातं दुकानदाराने स्वतःच्या मेलवर काढून दिलं असेल तर ती की त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. खातं स्वतः काढा आणि की पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा.

दिवसभर चार्जर लावून बसणार असाल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये असते. उन्हाळ्यात ती लावाच, आणि उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका.

शेवटी कपाटातल्या जुन्याबद्दल. तो पूर्ण चार्ज करून किंवा प्लगला लावून ठेवू नका. ५० टक्क्यांच्या आसपास बंद करून ठेवा. महिन्याने उघडल्यावर टचपॅड वर आलेला दिसला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, दाबून बसवू नका, भाच्याला तर देऊच नका. आधी बॅटरी काढून घ्या, ती ई-कचऱ्यात द्या, मगच डेटा पुसण्याचा विचार. आणि बॅटरीशिवाय ते मशीन नुसत्या चार्जरवर चालू होत नसेल, तर पुसण्यासाठी नवी बॅटरी घेण्यापेक्षा बोर्डच फोडून टाकलेला स्वस्त पडतो.